बरगंडीचा कालवा, बार्ज आणि आम्ही दोघी बहिणी: बुकिंगपासून टीसीएस परत येईपर्यंत

मे २०२५ मध्ये मी आणि माझी मोठी बहीण फ्रान्सच्या बरगंडी भागात एका कालव्यावर हॉटेल बार्जमध्ये (हॉटेल केलेली जुनी मालबोट) आठवडाभर राहून आलो. आल्यापासून ओळखीतले इतके जण विचारतायत की खर्च किती आला, व्हिसाला पत्ता काय दिला, शाकाहारी मिळालं का, की म्हटलं एकदाच काय ते सविस्तर लिहून टाकू. जाण्याआधी मी बरंच शोधलं होतं पण मराठीत फारसं काही सापडलं नाही, आणि इंग्रजीत जे होतं ते बहुतेक अमेरिकन लोकांनी लिहिलेलं, त्यांना ना व्हिसा लागत ना टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते तो कर).

मुळात बार्जच का, तर ताईमुळे. ती ६८ वर्षांची, रिटायर्ड नर्स, दोन्ही गुडघे बदललेले. चालते व्यवस्थित, पण सकाळी सहाला बॅगा रूमच्या बाहेर, सातला नाश्ता, आठला बस, असली टूर तिला नकोच होती. तिचं म्हणणं एवढंच की सामान एकदा काढेन आणि एकदा भरेन, मधे हात लावणार नाही. मी आधी ऱ्हाइनवरच्या क्रूझ बघितल्या, पण त्या मोठ्या बोटींवर दीड-दोनशे माणसं असतात. मग हे हॉटेल बार्ज प्रकरण कळलं. फ्रान्सच्या कालव्यांवर पूर्वी धान्य, कोळसा, दारूची पिंपं वाहणाऱ्या लांबोड्या बोटी होत्या, त्यांना तिकडे पेनिश म्हणतात. ट्रक आले, धंदा बसला, मग त्यातल्या काहींच्या पोटात खोल्या बांधून हॉटेलं केली. आमच्या बोटीवर आठ पाहुणे आणि पाच जणांचा स्टाफ होता.

कालवा निवडतानाही बराच घोळ घातला. सगळ्यांना माहीत असतो तो दक्षिणेतला कनाल द्यु मिदी, सतराव्या शतकातला, युनेस्कोच्या यादीतला. पण तिथे उन्हाळ्यात भाड्याच्या बोटींची खूप गर्दी असते, आणि काठावरच्या त्या प्रसिद्ध प्लेन जातीच्या झाडांना २००६ पासून बुरशीचा रोग लागलाय, हजारो झाडं तोडावी लागली. म्हणून आम्ही कनाल द बोर्गोन्य, म्हणजे बरगंडीचा कालवा घेतला. २४२ किलोमीटर लांब, १८९ लॉक (दोन्हीकडे दारं असलेले हौद, त्यात पाणी कमी-जास्त करून बोट वर-खाली नेतात), एका टोकाला योन नदी आणि दुसऱ्या टोकाला साओन. मालवाहतूक जवळजवळ संपलेली, त्यामुळे शांत. एक ध्यानात ठेवा, या कालव्याला पाणी वरच्या तलावांतून येतं, कोरड्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरला पाणी कमी पडून काही भाग बंद होऊ शकतो. बुकिंग करताना करारात त्याबद्दल काय लिहिलंय ते वाचाच. बहुतेक ठिकाणी रस्ता बदलू किंवा बोट एका जागी ठेवून गाडीने फिरवू असं असतं, पैसे परत असं नसतं. म्हणून मे.

(स्वतः चालवायच्या छोट्या बोटीही भाड्याने मिळतात, लायसन्स लागत नाही, अर्धा तास शिकवून किल्ली हातात देतात. खर्च कितीतरी कमी. पण तिथे दोर फेकणं, लॉकवर मदत करणं सगळं आपणच करायचं. तरुण मंडळींनी तेच करावं, मी तर म्हणेन.)

ऑक्टोबर २०२४ मध्ये मेलामेली सुरू केली. मी विचारलेले प्रश्न असे, खोलीत उतरायला पायऱ्या किती, कठडा एका बाजूला की दोन्ही, बाथरूमच्या उंबऱ्याची उंची किती, पलंग जमिनीपासून किती वर. वेबसाइटवर शॅम्पेनच्या ग्लासचे फोटो असतात, जिन्याचा एकही नसतो. त्यांनी जिन्याचे फोटो पाठवले, नऊ पायऱ्या, चांगल्याच उभ्या, पण दोन्हीकडे कठडा. ताईने घरच्या जिन्यावर उलटं उतरून बघितलं आणि हो म्हणाली.

भाडं माणशी ४,९०० युरो, रविवार ते शनिवार सहा रात्री, जेवण, वाइन, सहली, तिथल्या दिजों शहराच्या स्टेशनवरून नेणं-आणणं सगळं धरून. २५ टक्के नोव्हेंबरमध्ये, उरलेले निघायच्या नव्वद दिवस आधी. आता पैसे पाठवायचा भाग नीट वाचा कारण इथेच खरा गोंधळ असतो. बाहेरच्या कंपनीला थेट पैसे पाठवायचे तर बँकेत ए-टू फॉर्म भरायचा, पॅन द्यायचं, बुकिंगचं इन्व्हॉइस जोडायचं. हे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली जातं. बँकेने आमचं टूर पॅकेज धरलं आणि त्यावर टीसीएस कापला. तेव्हाच्या नियमाने एका आर्थिक वर्षात माणशी सात लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर २० टक्के. (एप्रिल २०२५ मध्ये ही मर्यादा दहा लाख झाली, आणि हे दर बजेटमध्ये बदलत राहतात, तुम्ही जाल तेव्हाचे बघा.) ही मर्यादा पॅननिहाय होती, म्हणून मी माझ्या खात्यातून माझे आणि ताईने तिच्या खात्यातून तिचे पाठवले. एकाच्याच खात्यातून गेले असते तर जवळजवळ नऊ लाख झाले असते आणि वरच्या दोन लाखांवर २० टक्के बसले असते. माणशी टीसीएस साधारण बावीस हजार गेला.

अजून एक, फॉर्मवर बँकेचे चार्जेस कोण भरणार असा रकाना असतो. तिथे सगळे पाठवणाऱ्याने भरायचे असं निवडा, नाहीतर मधल्या बँका आपापले युरो कापून घेतात आणि तिकडे रक्कम कमी पोचते. काउंटरवरच्या मुलीने हे आपणहून सांगितलं, भलं होवो तिचं.

व्हिसा. फ्रान्सचा अर्ज आधी फ्रान्स-व्हिसाज या सरकारी साइटवर भरायचा, मग व्हीएफएसची (व्हिसाचे अर्ज स्वीकारणारी कंपनी) अपॉइंटमेंट घ्यायची. निघायच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. आम्ही फेब्रुवारीच्या मध्याला फॉर्म भरला, अपॉइंटमेंट ६ मार्चची मिळाली, मुंबईत. फी ९० युरो, रुपयांत सव्वाआठ-साडेआठ हजार, वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज. तीन वर्षांची आयटीआर, बँक स्टेटमेंट, ताईचे पेन्शनचे कागद, विमानाचं बुकिंग, किमान ३०,००० युरो कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स (आमचा माणशी साडेतीन हजाराच्या आसपास, साठीच्या पुढे जरा महागच पडतो).

आणि तो पत्त्याचा प्रश्न. फॉर्म विचारतो राहणार कुठे, आणि आपलं हॉटेल तर रोज पुढे सरकतंय. आम्ही बार्जवाल्यांकडून एक पत्र मागून घेतलं, त्यात बोटीचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर, त्यांच्या फ्रान्समधल्या ऑफिसचा पत्ता आणि कुठल्या रात्री कुठल्या गावाला बोट बांधलेली असेल त्याची तारीखवार यादी. फॉर्ममध्ये ऑफिसचा पत्ता टाकला आणि कव्हर लेटरमध्ये दोन ओळींत खुलासा. काउंटरवरच्या माणसाने पत्र दोनदा वाचलं, आत जाऊन कोणाला तरी विचारून आला, आणि घेतलं. बोटांचे ठसे, फोटो, झालं. मार्चच्या चौथ्या आठवड्यात पासपोर्ट कुरिअरने घरी. तोपर्यंत मला रात्री दोन-दोनला जाग यायची, कारण बार्जचे सगळे पैसे फेब्रुवारीतच भरून झाले होते. कॅन्सलेशनचं कव्हर असलेला इन्शुरन्स घ्यायचा तो याचसाठी.

मे उजाडला आणि ७ तारखेपासून इकडे भारत-पाकिस्तानचं जे झालं ते सगळ्यांना माहीतच आहे. विमानतळ बंद, ब्लॅकआउट, घरचे म्हणे जाऊच नका. आमची फ्लाइट २२ ची. एअर फ्रान्सने पाकिस्तानवरून उडणं थांबवलं होतं त्यामुळे प्रवास लांबला, पण विमान गेलं.

पॅकिंगमध्ये भांडण झालं ते हापूसवरून. ताईला बोटीवरच्या लोकांसाठी एक डझन न्यायचे होते. युरोपियन युनियनमध्ये ताजी फळं न्यायला सरकारी फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागतं, सूट आहे ती फक्त अननस, नारळ, केळं, खजूर आणि ड्युरियनला. दूध-मांसाच्या पदार्थांनाही बंदी, म्हणजे पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवा. सुका मसाला, लसणाची चटणी, लिंबाचं लोणचं नेलं, कोणी विचारलं नाही.

पॅरिसबद्दल लिहीत नाही, ते सगळीकडे आहे. २५ मेच्या रविवारी गार द ल्यों स्टेशनवरून दिजोंची टीजीव्ही, म्हणजे वेगवान रेल्वे घेतली, दीड तास आणि थोडं. दिजोंला व्हॅन घ्यायला आली आणि पाऊण तासात कालव्याच्या अगदी वरच्या टोकाला, एस्कॉम नावाच्या वस्तीपाशी आणून सोडलं. तिथून बोट उतरत उतरत सहा दिवसांत परत दिजोंला जाणार. म्हणजे व्हॅनने पाऊण तासात जे आलो तेच अंतर आठवडाभरात मागे जायचं. व्हॅनमध्ये हे लक्षात आलं तेव्हा ताईने माझ्याकडे असं काही बघितलं की विचारू नका.

आता लॉक, कारण खरी मजा तीच. कालवा डोंगरावरून खाली येतो, पण पाणी तर उतारावर थांबत नाही, म्हणून पायऱ्या. एस्कॉमपासून साओनपर्यंत ७६ लॉक. १८७९ च्या फ्रेसिने कायद्याने फ्रान्सभर लॉकचं माप ठरवून दिलं, ३९ मीटर लांब आणि ५.२० रुंद, आणि बोटीही त्याच मापात बेतलेल्या. आमची बोट पाच मीटरला थोडी जास्त रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम चार बोटं. कॅप्टन चाकापाशी उभा, एकदम गप्प, आणि एवढी बोट सरकत सरकत आत जाते, कधी कधी लाकूड दगडाला घासल्याचा एक लांब कर्र आवाज येतो. मागे दारं बंद. मग लॉकवरची मुलगी पुढच्या दारावरचा लोखंडी दांडा गरागरा फिरवते, खालच्या झडपा उघडतात, आणि बोट हळूहळू खाली जायला लागते. तुम्ही डेकवर खुर्चीत बसलेले असता, मघाशी समोर गवत होतं, आता दगडी भिंत, ओली काळी, फटीत उगवलेलं नेचं, शेवाळाचा वास, अंगावर दोन-चार थेंब. दोन-अडीच मीटर खाली गेल्यावर पुढचं दार उघडतं. पंधरा मिनिटांचा कार्यक्रम. ती मुलगी दार लावते, स्कूटरवर बसते आणि पुढच्या लॉकवर आपल्या आधी हजर. सरकारी जलमार्ग खातं, व्हीएनएफ, उन्हाळ्यात कॉलेजच्या मुलांना या कामावर घेतं, ही त्यातलीच. दुपारी बारा ते एक लॉक बंद, जेवणाची सुट्टी. बोट जिथे असेल तिथे थांबते, कोणी कुरकुर करत नाही, आपणही जेवायचं.

प्रत्येक लॉकपाशी एक छोटं घर, दारावर पाटी, लॉकचा नंबर आणि मागच्या-पुढच्या लॉकचं अंतर. बरीच घरं रिकामी, काहींत कोणीतरी राहायला आलंय, गुलाब लावलेत, अंडी विकतात. मला चालायचं असलं की एका लॉकवर उतरायचे आणि काठाच्या वाटेने चालत पुढच्या लॉकवर चढायचे, आणि दर वेळी बोटीच्या आधी पोचायचे. पूर्वी याच वाटेवरून घोडे बोट ओढायचे. सायकली बोटीवरच असतात, वाट सपाट, ताईनेही सायकल हातात धरून फोटो काढून घेतला, चालवली नाही.

पहिले दोन दिवस थंडी. मे अखेर म्हणून मी सुती कपडे नेलेले पण संध्याकाळी दहा-बारा डिग्री, स्वेटर आणि वारा अडवणारं जॅकेट हवंच. वायफाय झाडीत गायब होतं. खोली छोटी पण नीटनेटकी, खिडकी पाण्याच्या जरा वर, सकाळी परदा उघडला की बदक डोळ्यासमोर. रात्री बोट चालत नाही, बांधलेली असते.

जेवण. बरगंडी म्हणजे गाईचं मांस, गोगलगाय आणि वाइनमध्ये शिजवलेला कोंबडा. दोन महिने आधी ते एक फॉर्म पाठवतात, त्यात नुसतं व्हेजिटेरियन लिहू नका. मासे नाहीत, मांसाचा स्टॉक नाही, जिलेटिन नाही, अंडं चालतं की नाही, सगळं फोडून लिहा. ताई अंडं खाते, त्यामुळे बरंच सोपं झालं. मोसम पांढऱ्या ॲस्परॅगसचा होता, मटार कोवळे, स्ट्रॉबेरी, रोज सकाळी गावातल्या बेकरीतून ब्रेड. चीज मात्र सांगून ठेवते, तिकडची बहुतेक पारंपरिक चीज रेनेट घालून करतात, म्हणजे वासराच्या पोटातला अर्क. एपवास नावाचं इथलं प्रसिद्ध चीज, वास असा की खोलीत कोणी मोजे विसरलंय की काय, तेही तसंच. मी खाल्लं. ताईने शेफला विचारलं, त्याने खरं ते सांगितलं, तिने ताटली माझ्याकडे सरकवली आणि लोणी-ब्रेड घेतला. तिसऱ्या दिवशी त्याने मसूर केले, चांगले होते पण आपल्या जिभेला फिकेच, तर ताईने लसणाची चटणी काढली. रात्रीपर्यंत चटणीचा डबा स्वयंपाकघरात गेलेला होता आणि तो काही परत आला नाही.

वाइन दोन्ही वेळेला दोन-दोन प्रकारच्या, आणि प्रत्येक बाटलीबरोबर भाषण. शेजारशेजारच्या दोन वावरांतल्या वाइनच्या भावात दहापट फरक कसा, हे तिथली माणसं ज्या पोटतिडकीने सांगतात ते ऐकून मला देवगड-रत्नागिरीचा वाद आठवला. या वावरांना क्लिमा म्हणतात, २०१५ मध्ये ती युनेस्कोच्या यादीत गेली. जेवणाआधी किर देतात, पांढऱ्या अलिगोते वाइनमध्ये काळ्या मनुकांसारख्या कासिस फळाचं लिकर. हे नाव दिजोंचे महापौर फेलिक्स किर यांच्यावरून पडलं, १९४५ ते १९६८ महापौर होते आणि पेशाने पाद्री! ताईला त्याच फळाचं सरबत सोडा घालून मिळायचं, ती खूश.

सहली रोज एखादी, व्हॅनने. टेकडीवरचं शातोनफ गाव आणि तिथला किल्ला, खाली व्हांदनेसला बोट बांधली की डेकवरूनच दिसतो. वर दगडी फरसबंदीचा चढ आहे, गुडघेवाल्यांना व्हॅन दारापर्यंत सोडते, फक्त सांगावं लागतं. पण सगळ्यात जास्त वेळ आम्ही काढला बोन गावच्या ओतेल-द्योमध्ये. १४४३ मध्ये बरगंडीच्या ड्यूकचा चान्सलर निकोला रोलँ याने गरिबांसाठी बांधलेलं हॉस्पिटल, रंगीत कौलांचं छप्पर फोटोत बघितलं असेल. आत लांबलचक वॉर्ड, दोन्ही बाजूंना लाल पडद्यांच्या खाटा, टोकाला चॅपल, म्हणजे रोग्याला पडल्या पडल्या प्रार्थना दिसावी. बाकीचे पुढे गेले. ताई खाटा मोजत चालली होती. मग मला म्हणाली, "एका नर्सला इथून तिथपर्यंत सगळे दिसतात बघ, आमच्या वॉर्डात खांब मधे यायचे." ऑडिओ गाइडने सांगितलं की एका खाटेवर दोन-दोन रोगी ठेवायचे, त्यावर ती फक्त म्हणाली, "आमच्याकडे खालीही ठेवायचो." औषधांच्या बरण्यांच्या खोलीतून तिला अक्षरशः ओढून बाहेर काढावं लागलं.

२९ मेला गुरुवारी असेन्शन या ख्रिस्ती सणाची सुट्टी होती, आणि मग शुक्रवारही जोडून घेतात, दुकानं बंद. औषधं, सिमकार्ड असलं काही हवं असेल तर आधी बघून ठेवा.

खोटं कशाला बोलू, बुधवारी दुपारी कंटाळा आला होता. पुस्तक वाचून झालं, झाडं बघून झाली, पों दूशला कालवा पुलावरून नदी ओलांडतो आणि त्याच्याही वरून हायवे जातो तेही बघून झालं. बाकीची जोडपी अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन, चांगली माणसं, पण सहा दिवस त्याच आठ जणांबरोबर एकाच टेबलावर तीन वेळा बसायचं असतं, हे कोणी आधी सांगत नाही. ज्यांना रोज नवीन काहीतरी "करायला" हवं असतं त्यांनी एवढे पैसे घालू नयेत. ताई मात्र एकदाही कंटाळली नाही. डेकवर पाय वर करून बसायची, लॉक आलं की दोर टाकणाऱ्या पोराला मराठीत सूचना द्यायची.

शेवटच्या रात्री टिपचं पाकीट कॅप्टनकडे देतात. भाड्याच्या पाच ते दहा टक्के अशी रीत आहे, रोख युरोत. आम्ही माणशी ३०० दिले, घरूनच वेगळे काढून नेले होते. शनिवारी ३१ तारखेला नाश्त्यानंतर दिजोंला सोडलं.

खर्चाचा हिशोब माणशी: बार्ज चार लाख चाळीस हजार, विमान ७२ हजार, व्हिसा आणि इन्शुरन्स १४ हजार, पॅरिसमधल्या रात्री दोघींत वाटून २५, रेल्वे आणि बाकीचं खाणंपिणं २०, टिप २९. एकूण सहा लाख. टीसीएस यात धरलेला नाही कारण तो परत येतो. बँकेकडून टीसीएस कापल्याचं प्रमाणपत्र (आमच्या वेळी फॉर्म २७डी) मागून घ्या, रक्कम आयकर खात्याच्या वार्षिक स्टेटमेंटमध्ये (आमच्या वेळी २६एएस) दिसतेय का तपासा, आणि रिटर्न भरताना टीसीएसच्या शेड्यूलमध्ये ती आलीय ना ते बघा, कारण सीए मंडळी टीडीएस बघतात आणि हे कधी कधी राहून जातं. ताईला तर कर फारसा बसतच नाही, तिचे जवळजवळ सगळे बावीस हजार सप्टेंबरमध्ये खात्यात आले. माझे करात वळते झाले.